सुपानं मोजलेलं घर

नमस्कार. परवडणारी घरं आणि त्यासाठी लागणारा सरकारचा पैसा, असा विषय मला दिलाय. मी बांधकामाचं एस्टिमेट शिकवते, त्यामुळे आकडे येणारच. पण सुरुवात सुपापासून करते.

माझी आई सोलापुरात विड्या वळायची. पूर्व भागातल्या एका बोळात, दहा बाय बाराच्या भाड्याच्या खोलीत आम्ही सहा माणसं. आई भिंतीला टेकून बसायची. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, शेजारी ओल्या फडक्यात भिजवून ठेवलेली तेंदूची पानं, हातात कात्री. पान कापायचं, चिमूटभर तंबाखू पसरायची, वळायचं, तोंड दुमडायचं, दोरा गुंडाळायचा. अशा रोज हजार विड्या. बोळातल्या बायका उजेडासाठी दाराशी बसायच्या, तेलुगूत गप्पा चालायच्या आणि हात थांबायचे नाहीत. संध्याकाळी कारखान्यात माल द्यायला गेलं की तिथला माणूस विड्या तपासून छाट काढायचा. छाट म्हणजे नापास झालेल्या विड्या. त्यांचे पैसे मिळत नसत, मेहनत मात्र तेवढीच झालेली असायची.

२००६ साली कुंभारीच्या गोदूताई परुळेकर वसाहतीत आम्हाला घर मिळालं. मी तेव्हा नुकतीच नोकरीला लागले होते, नव्या विद्येची हौस होती. दार उघडल्या उघडल्या मी आईला चौरस फूट सांगायला लागले. तिनं माझ्याकडं लक्षच दिलं नाही. ती खोलीच्या मधोमध जमिनीवर बसली, सोबत आणलेलं सूप मांडीवर ठेवलं, मग उठून दुसऱ्या कोपऱ्यात बसली, मग उंबऱ्याशी. म्हणाली, "तीन सुपं बसतात. चौथं दारात." तिच्या दृष्टीनं घर मोजून झालं होतं. तिघी-चौघी जणी पाय पसरून काम करू शकतील एवढी जागा, आणि उजेड. चौरस फुटांच्या हिशेबात हे कुठं येत नाही, आणि आज मला त्या न येणाऱ्या गोष्टींबद्दलच बोलायचं आहे.

आधी पैशाचं सांगते, कारण त्याबद्दल गैरसमज फार. कुंभारीतली ती दहा हजार घरं विडी कामगार बायकांची. कॉम्रेड नरसय्या आडम यांच्या नेतृत्वाखाली कामगारांनी वर्षानुवर्षं मोर्चे काढले, सहकारी संस्था उभी केली, तेव्हा ती झाली. किल्ल्या द्यायला पंतप्रधान मनमोहन सिंग स्वतः सोलापुरात आले होते. घराची किंमत साधारण साठ हजार. त्यात वीस हजार केंद्राचे, वीस हजार राज्याचे, वीस हजार कामगाराचे. आमच्या नातेवाइकांतलेच काही जण म्हणायचे, "तुम्हाला काय, सरकारनं फुकट दिलं." आई काही बोलायची नाही. मी मात्र एकदा कागद-पेन घेऊन बसले.

१९७६ साली संसदेनं विडी कामगारांच्या कल्याण निधीचा कायदा केला. विड्यांवर उपकर बसवायचा आणि त्या पैशातून कामगारांना दवाखाना, मुलांना शिष्यवृत्ती, घराला अनुदान द्यायचं, अशी ती व्यवस्था. शेवटी शेवटी हा उपकर हजार विड्यांमागे पाच रुपये होता. आता आईचा हिशेब करा. रोज हजार विड्या, वर्षाचे तीनशे दिवस धरले तर तीन लाख विड्या. त्यावरचा उपकर १,५०० रुपये. साडेतेरा वर्षांत केंद्राचे वीस हजार फिटले. दर आधी बराच कमी होता, तेव्हा वर्षं त्याहून बरीच जास्त धरा. आई चाळीस वर्षं विड्या वळत होती. उपकर कारखानदार भरत होता, विडी ओढणारा तो किमतीत देत होता, हे मला मान्य आहे. पण ज्या मालावर तो बसला होता तो माल या बायकांच्या बोटांतून निघालेला. अनुदान हा शब्द मी वर्गात शिकवते तेव्हा हे उदाहरण सांगितल्याशिवाय पुढं जात नाही.

आणि हे काही सोलापूरनं पहिल्यांदा केलेलं नाही. मुंबईच्या बीडीडी चाळी आठवा. शंभर वर्षांपूर्वी, जॉर्ज लॉईड गव्हर्नर असताना, बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट नावाचं खातं निघालं. गिरणी कामगारांसाठी पन्नास हजार खोल्या बांधायच्या होत्या. त्यासाठी मुंबईत येणाऱ्या कापसाच्या गासडीमागं एक रुपया कर बसवला. तिकडं कापसाची गासडी, इकडं विड्यांचा हजारी हिशेब. प्रत्यक्षात वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी मिळून २०७ चाळी उभ्या राहिल्या, खोल्या सोळा हजारांच्या वर. त्यातल्या कितीतरी पहिली काही वर्षं रिकाम्या होत्या. वरळी तेव्हा गावाबाहेर, गिरण्या लांब, भाडं कामगाराला जड. पक्कं सिमेंट-काँक्रीटचं घर तयार, आणि ज्याच्यासाठी बांधलं तो परळच्या गजबजलेल्या जुन्या चाळीत दाटीवाटीनं राहतोय. का? तर काम तिथं, दुकानदाराची उधारी तिथं, गाववाले तिथं.

ही शंभर वर्षांपूर्वीची गोष्ट मी मुद्दाम सांगते. नेहरू नागरी पुनर्निर्माण अभियानात २००५ नंतर देशभर गरिबांसाठी घरं बांधली गेली, आणि त्यातलीही अनेक शहराच्या टोकाला रिकामी पडून राहिली. दोन्हीकडं कारण एकच.

आता त्याच वरळीत बीडीडी चाळींचा पुनर्विकास चाललाय. १६० चौरस फुटांच्या खोलीत तीन पिढ्या काढलेल्या माणसाला ५०० चौरस फुटांचं घर मालकीनं, मोफत. वरळीतल्या पहिल्या ५५६ घरांच्या किल्ल्या ऑगस्ट २०२५ मध्ये दिल्या गेल्या. मला त्याचा मनापासून आनंद आहे. त्या माणसांनी गिरणीच्या भोंग्यापासून संपापर्यंत सगळं सोसलंय. पण हा पैसा कुठून येतो ते नीट पाहा. जमीन सरकारची आहे, ठिकाण वरळी आहे. रहिवाशांची घरं बांधून उरलेल्या जागेत जे मनोरे होतील ते बाजारभावानं विकायचे आणि त्यातून खर्च काढायचा. म्हणजे तिथं जमीनच पैसे देते.

कुंभारीत जमीन पैसे देत नाही. शहरापासून दहा-बारा किलोमीटरवरच्या माळावर विक्रीचा मनोरा कोण घेणार? सोलापूर, मालेगाव, इचलकरंजी, भिवंडीच्या आतल्या वस्त्या, इथं 'मुंबईसारखं करा' म्हणणाऱ्यांनी आधी सात-बारा बघावा आणि मग रेडीरेकनर, म्हणजे जमिनीचे सरकारी दर. जिथं जमिनीला भाव नाही तिथं तिजोरीतूनच पैसा काढावा लागतो.

तो निघालाही. कुंभारीलाच, गोदूताई वसाहतीजवळ, रे नगर उभं राहिलं. असंघटित कामगारांसाठी तीस हजार घरं. विडीवाल्या, यंत्रमागावरचे कामगार, फेरीवाले, कचरा वेचणाऱ्या, रिक्षाचालक. जानेवारी २०१९ मध्ये पंतप्रधान मोदींनी पायाभरणी केली, आणि १९ जानेवारी २०२४ ला पंधरा हजार घरांच्या किल्ल्या दिल्या. मनमोहन सिंग आणि मोदी, दोन पंतप्रधान, एकाच माळावरच्या, एकाच लाल बावट्याच्या संघटनेनं उभ्या केलेल्या घरांसाठी आले. पक्षांचं काय ते पक्षांनी बघावं. मला त्यातून एवढं दिसतं की बायकांनी चिकाटी धरली तर सरकार कुठलंही असो, यावं लागतं.

यातला पैसा पंतप्रधान आवास योजनेतला. केंद्र घरामागं दीड लाख देतं, राज्य एक लाख, उरलेलं लाभार्थ्यानं भरायचं, म्हणजे बहुतेकांनी कर्ज काढायचं. घर बाईच्या नावावर किंवा दोघांच्या नावावर, ही अट मला सगळ्यात मोलाची वाटते. आमच्या बोळात नवऱ्यानं घराबाहेर काढलेल्या किती बायका मी पाहिल्यात. दीड लाखाचा हा आकडा मात्र २०१५ पासून हलला नाही. दुसरा टप्पा आला तरी केंद्राचा वाटा तोच. सळई, सिमेंट, वाळू यांचे दर मी दर वर्षी विद्यार्थ्यांच्या एस्टिमेटमध्ये बदलून घेते. केंद्राचा आकडा जागेवर राहिला की वाढलेला सगळा भाव कर्जाच्या हप्त्यात जाऊन बसतो, आणि हप्ता विडी वळणारीला भरायचा असतो.

आता माझ्या खऱ्या तक्रारीकडं येते. घराचं एस्टिमेट कसं असतं? खोदाई, पाया, कॉलम, स्लॅब, वीट, गिलावा, दारं-खिडक्या, नळजोडणी, वीज, रंग. शेवटी किल्ली. किल्लीनंतर ओळच नाही.

आम्ही कुंभारीला गेलो तेव्हाची पहिली दोन-तीन वर्षं सांगते. विडीचा कारखाना शहरात. आईला तयार माल तिथं न्यायचा आणि पानांचं ओझं घेऊन परत यायचं. बस वेळेवर नसायची, रिक्षा केली तर दिवसाच्या मजुरीतला मोठा हिस्सा जायचा. उशीर झाला की माल घेणं बंद झालेलं. तो माल दुसऱ्या दिवशी न्यायचा, तोवर विड्या सुकणार, सुकल्या की छाट जास्त. म्हणजे बसच्या वेळापत्रकाचे पैसे आईच्या मजुरीतून कापले जात होते. कितीतरी बायकांनी त्या काळात कुलूप लावलं आणि परत बोळात भाड्यानं राहिल्या. त्यांना नावं ठेवणारे पुष्कळ होते. "घर दिलं तरी राहत नाहीत." मला त्यांच्या डोळ्यांतलं पाणी माहीत आहे. स्वतःच्या नावाचं घर बंद करून परक्याच्या खोलीत जाणं सोपं नसतं.

हळूहळू वस्ती जमली. घराच्या पुढच्या खोलीत कुणी किराणा मांडला, कुणी पिठाची गिरणी टाकली. पोचम्माचं देऊळ झालं, आषाढात बोनालू, म्हणजे देवीच्या नैवेद्याचे घट, निघायला लागले. माझ्या मते ज्या दिवशी पहिल्यांदा बोनं डोक्यावर घेऊन बायका त्या रस्त्यानं निघाल्या, त्या दिवशी ती वसाहत गाव झाली. हे सगळं माणसांनी स्वतः केलं, पदरमोड करून, कर्जाचे हप्ते भरत भरत.

मी म्हणते, याला पैसा का नसावा? बालवाडीच्या बाईंचा पगार, दवाखाना, पहिली पाच वर्षं बसचा तोटा भरून काढणारी तरतूद, सोसायटीचा हिशेब ठेवायला शिकवणारं माणूस, आणि दहा वर्षांनी गच्ची गळायला लागेल तेव्हाचा दुरुस्ती निधी. सोलापूर शहरात वर्षानुवर्षं पाणी चार-पाच दिवसांआड आलंय. तिथं माळावरच्या तीस हजार घरांच्या पाण्याचा प्रश्न स्लॅब पडण्याआधी सुटायला हवा. घर बांधणाऱ्या खात्याला या गोष्टी आपल्या वाटत नाहीत, बाकीच्या खात्यांना वसाहत आपली वाटत नाही. दोन्हींच्या मधे वीस-तीस हजार बायका.

आणखी एक खंत. विडीवरचा तो उपकर २०१७ साली जीएसटी आल्यावर रद्द झाला. विडीवर कर आजही आहे, २८ टक्क्यांनी सुरू झाला होता. पण तो सगळ्या करांच्या समुद्रात जातो, त्याच्यावर विडीवालीचं नाव लिहिलेलं नाही. माझं शिक्षण कल्याण निधीच्या शिष्यवृत्तीवर झालं. फॉर्मवर आईचा ओळखपत्र क्रमांक लिहावा लागायचा, आणि तो लिहिताना मला आपण कुणाच्या कष्टावर शिकतोय ते कळायचं. तो उपकर गेला तेव्हा बायकांनी "हे आमचे पैसे आहेत" असं म्हणायची जागाही गेली. तंबाखू वाईट, विडी कमी व्हावी, हे मी आईचा खोकला ऐकत मोठी झालेली मुलगी म्हणून म्हणते. पण विडी कमी होईल तसं वळणाऱ्या हातांना दुसरं काम द्यायचं कुणी? ते काम कुंभारीत आलं तर घरं भरलेली राहतील. ते पुण्यात गेलं तर पोरं पुण्यात जातील, आणि माळावर म्हाताऱ्या उरतील.

मला यंदा एका प्रकल्प अहवालावर मत द्यायला बोलावलं होतं. वेगळं शहर, अशीच वसाहत. अहवालात बसथांब्याचा नकाशा होता, शेडचा खर्च होता. मी विचारलं, बस कितीला सुटणार? कुणाकडं उत्तर नव्हतं. मी त्यांना सांगितलं, तिथं जाऊन बायकांना विचारा. त्या लगेच सांगतील: कारखान्यात माल घ्यायचं बंद होतं त्याच्या दीड तास आधी.