बर्फातला हिरवा चौकोन

(दृश्य: पहाट. पांढऱ्या मैदानावर गाड्यांच्या दिव्यांची रांग.)

हा रस्ता नाही, गोठलेला तलाव आहे. बर्फात भोक पाडून भाल्याने स्टर्जन नावाचा मोठा मासा मारायला ही माणसं निघालीत. दोन्ही बाजूंना खोचलेली ही झाडं नाताळात घराघरांतून सजली होती. सण उरकला की मासेमारांचे क्लब ती गोळा करून बर्फावर रोवतात, म्हणजे धुक्यात वाट चुकत नाही. तडा गेलेल्या ठिकाणी चक्क पूल टाकलाय. पुलाशी येताच आमच्या ड्रायव्हरने पट्टा काढला आणि काच खाली केली. का, ते विचारावं लागलं नाही.

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातलं ऑशकॉश. वस्ती साधारण 66 हजार. गावाच्या मधून फॉक्स नदी येते आणि विनेबेगो तलावाला मिळते. तलाव जवळपास 48 किलोमीटर लांब, आणि सगळ्यात खोल जागी फक्त 21 फूट. आपल्याकडच्या कित्येक विहिरी याहून खोल असतील. पण इथे तळ दिसणं महत्त्वाचं. सगळा खेळ त्यावरच आहे.

(दृश्य: करवतीचा आवाज, उडणारा बर्फाचा भुगा.)

लांब पात्याची चेनसॉ. कापलेला ठोकळा वर ओढत बसत नाहीत; काठ्यांनी दाबून बर्फाखाली सरकवून देतात. भोक 48 चौरस फुटांपर्यंतच, तसा नियम आहे. त्यावर खोपटं ओढून आणायचं आणि दार लावून घ्यायचं.

(दृश्य: अंधार. हळूहळू उजळणारं पाणी.)

खिडकी नाही, दिवा नाही. डोळे सरावले की जमिनीतला चौकोन हिरवा पेटतो. बाहेरचं ऊन बर्फातून झिरपून पाण्यात उतरलेलं असतं.

तळावर पांढरे ठिपके दिसतायत? बटाट्याच्या चकत्या आहेत त्या. माशाला खायला नाहीत. काळ्या गाळावर ठिपका दिसतो, आणि तो झाकला गेला की समजायचं, वरून कुणीतरी चाललंय.

दोरीला लटकलाय तो लाकडी मासा खोपटाच्या मालकाच्या वडिलांनी कोरला. रंग दोनदा दिलाय, शेपटीचा पत्रा मूळचाच. कुणी कॉफीचा मगही सोडतं. स्टर्जन कुतूहलाने जवळ येतो म्हणतात. काठावर भाला तयार. जड असतो, फेकावा लागत नाही, नेम धरून सोडायचा. काटे रुतले की दांडा सुटतो आणि दोरी हातात उरते.

आणि मग बसायचं. सकाळी 7 ते दुपारी 1. फेब्रुवारीतला दुसरा शनिवार ते पुढचे जास्तीत जास्त 16 दिवस. शेजारच्या खोपटातल्या आजोबांना सात हंगामांत मासा दिसलेलाच नाही. थर्मास मात्र दरवर्षी नवा.

(दृश्य: नोंदणी केंद्र. काट्यावर टांगलेला मासा.)

हा लेक स्टर्जन. खवले नाहीत, पाठीवर हाडांच्या ढाली, सोंडेखाली चार मिशा. 2010 साली इथे 212.2 पौंडांचा, म्हणजे सुमारे 96 किलोचा निघाला. लांबी सात फूट.

मारलेला प्रत्येक मासा त्याच दिवशी इथे आणावाच लागतो. लांबी, वजन, नर की मादी, पोटात काय. पोटात बहुतेक तांबड्या अळ्या सापडतात. मे महिन्यात याच अळ्यांच्या माश्या होऊन ऑशकॉशच्या भिंती काळ्या करतात.

मादीच्या पोटात पहिल्यांदा गाभोळी धरते ती वयाच्या विसाव्या ते पंचविसाव्या वर्षी. त्यानंतरही तीन ते पाच वर्षांतून एकदाच. म्हणून नर किती, माद्या किती, कोवळ्या माद्या किती, सगळ्याची वेगवेगळी मर्यादा. ती भरली की हंगाम संपला, मग दिवस कितीही उरलेले असोत. 1915 साली हा मासा धरायलाच बंदी आली होती. भाल्याला परवानगी मिळाली ती 1930च्या दशकाच्या सुरुवातीला. आज मासा टिकलाय तो भालेवाल्यांमुळेच, असं आमचं मत. 1977 साली बिल कॅस्पर यांनी सोबत्यांना घेऊन हा मासा जपण्यासाठी ‘स्टर्जन फॉर टुमॉरो’ ही संस्था काढली, तेही सगळे भालेवालेच.

(दृश्य: एप्रिल. वुल्फ नदी, शायोक्टनचा काठ.)

आणि हे बघा. अंडी घालायला स्टर्जन आलेत, काठाच्या दगडांत, हात लावता येईल इतक्या जवळ. पाणी उसळतंय ते नरांच्या शेपट्यांनी. चोरट्या शिकारीवर नजर ठेवायला स्वयंसेवक रात्रभर पहाऱ्याला असतात.

याच नदीवर आणखी वर, केशेनाच्या धबधब्याशी, इथले मूळ रहिवासी मेनॉमिनी लोक दर वसंतात या माशाची वाट बघत. शवानोच्या धरणांनी माशांचा मार्ग अडवला. आता काही मासे ट्रकने वर नेतात. इकडे तलावावर 2024च्या हिवाळ्यात बर्फ इतका पातळ होता, की कित्येकांनी खोपटं तलावावर आणलंच नाही.

(दृश्य: पुन्हा खोपटं. घड्याळात एक.)

भाला वर. दोरी गुंडाळली. लाकडी मासा पुसून वर्तमानपत्रात बांधला. खोपटं हललं, आणि उघड्या भोकाशेजारी कुणाच्या तरी घरचं नाताळचं झाड खोचलं. फांदीला सोनेरी झिरमिळीचा एक तुकडा अजून लटकतोय.