अळी मेली, पण कशानं?

नमस्कार श्रोतेहो.

पानं खाणाऱ्या अळ्यांची धाड आली की जंगलातली झाडंच्या झाडं निष्पर्ण होतात. अशा वेळी फांदीवर मेलेली अळी दिसली, तर तिच्याकडे जरूर निरखून पाहा. ती काळी पडलेली, मऊ आणि घाण वासाची असेल, तर जिवाणूंचा संशय येतो. बुरशीनं मेलेली अळी बहुधा कडक होते.

पण संशय म्हणजे पुरावा नव्हे. अळी मरताच तिच्या आतड्यातले एरवी निरुपद्रवी जिवाणूही झपाट्यानं वाढतात. म्हणून नुकतीच मेलेली किंवा मरायला टेकलेली अळी निवडतात, तिला बाहेरून निर्जंतुक करतात आणि स्वच्छ पाण्यानं धुतात. ते शेवटचं पाणीसुद्धा पोषक माध्यमावर, म्हणजे जिवाणू वाढवायच्या खाद्यावर, पसरून पाहायचं असतं. त्यात काही उगवलं, तर धुणंच कमी पडलं! ही काळजी मला फार मोलाची वाटते.

मग अळीच्या आतला द्राव काही मिनिटं ८० अंश सेल्सिअसला तापवला, तर बीजाणू, म्हणजे उष्णतेतही तग धरणारं टणक सुप्त रूप, करणारे जिवाणूच टिकतात. त्यांची वाढ जुनी झाली की सूक्ष्मदर्शकाखाली पेशीत लंबगोल बीजाणू आणि त्याच्या शेजारी पत्त्यांतल्या चौकटच्या आकाराचा स्फटिक दिसू शकतो. तो दिसला, की हा बॅसिलस थुरिन्जिएन्सिस. जपानमध्ये शास्त्रज्ञ इशिवाता यांना हा जिवाणू १९०१ मध्ये रेशमाच्या अळीत आढळला, तर जर्मनीत बर्लिनर यांना १९११ मध्ये पिठातल्या पतंगाच्या अळीत. स्फटिकातलं प्रथिन अळीच्या अल्कधर्मी आतड्यात विरघळतं आणि आतड्याच्या पेशींना भोकं पाडतं. अळी खाणं सोडते, मग मरते.

आज जनुकं वाचता येतात, तरी स्फटिकाला पर्याय नाही. जिवाणू ओळखायला नेहमी वापरतात ते १६एस जनुक या जिवाणूत आणि त्याच्या जवळच्या बॅसिलस सेरियसमध्ये जवळपास सारखंच असतं. निव्वळ त्यावर विसंबलो तर फसगत ठरलेली.

शेवटची कसोटी निरोगी अळ्यांवर होते. वेगळा केलेला जिवाणू पानावर लावून त्यांना खायला द्यायचा, त्या मेल्या तर त्यांच्यातून तोच जिवाणू पुन्हा मिळवायचा. सोबत नुसती पानं खाणाऱ्या अळ्याही ठेवायच्या. त्याही तितक्याच मरू लागल्या, तर तो प्रयोग बाद करून नव्यानं सुरुवात करायची.