पंधरा मिनिटं पुढचं घड्याळ

मंडळी! या शब्दाने मी तुम्हाला हाक मारतो, पण मराठी बायबलात 'मंडळी' म्हणजे चर्चची मंडळी, उपासनेला जमणारी माणसं. आज बोलायचंय ते अशा चर्चच्या मंडळींभोवती घडणाऱ्या रहस्यकथांबद्दल. खून होतो, पण रक्त फारसं दिसत नाही. वाचता वाचता चहा गार होतो, एवढंच.

अगाथा ख्रिस्तीची 'द मर्डर ॲट द व्हिकारेज' १९३० सालची, मिस मार्पल या गुन्हे उकलणाऱ्या म्हाताऱ्या बाईंची पहिली कादंबरी. सुरुवातीला खून नाही, एका नोटेची भानगड आहे. एका बाईंनी चर्चच्या अर्पणात एक पौंडाची नोट टाकलेली. पुढे जमा रकमेची यादी लागते, तर त्यात सर्वांत मोठी नोट दहा शिलिंगांची, म्हणजे अर्ध्या पौंडाची! बडोद्याच्या दांडिया बाजारात ज्याने गणपतीच्या वर्गणीची यादी बोट ठेवून वाचली आहे, त्याला या बाईंची तगमग वेगळी समजावून सांगायला नको. आपलं नाव आहे का, आणि शेजाऱ्याने किती दिले? दोन्ही बघतोच आपण.

मग पाळकसाहेबांच्या, म्हणजे त्या चर्चच्या पाद्रींच्या, अभ्यासिकेत कर्नल प्रोथेरो मेलेले सापडतात. टेबलावरचं घड्याळ कलंडून सहा बावीसला थांबलेलं. इन्स्पेक्टर वेळ टिपून घेतो. पण ते घड्याळ मुद्दाम पंधरा मिनिटं पुढे ठेवलेलं असतं, पाळकांना उशीर होऊ नये म्हणून. घरच्यांना हे ठाऊक. पाळक सांगायला जातात, तर इन्स्पेक्टर त्यांना बोलूच देत नाही. आमच्या घरचंही घड्याळ दहा मिनिटं पुढे असतं आणि तरी आम्ही सगळीकडे उशिराच पोचतो, ते सोडा.

चर्च या गोष्टींना का मानवतं, तर तिथे दर आठवड्याला तेच बाक, तीच गाणी, तीच माणसं. काही जरा इकडचं तिकडे झालं की डोळ्यांत खुपतं. पाद्री असले म्हणून चमत्काराची सोय नाही बरं का. इंग्रज रहस्यकथाकार रोनाल्ड नॉक्स स्वतः कॅथलिक धर्मगुरू, आणि १९२९ साली रहस्यकथेचे दहा नियम सांगताना त्यांनीच दैवी शक्तींना दार बंद केलं!

आपल्याकडे असं घडतं का? आमच्या वाड्यातलं सांगतो. विसर्जनाच्या आदल्या रात्री वर्गणीची चोपडी गायब. पोरांनी लगेच मांडववाल्याच्या कामगारावर संशय घेतला. बाहेरचा माणूस, सोयीचा. गलका चालू असताना कोपऱ्यातल्या आजी म्हणाल्या, "आज आरतीला पेटी हलली नाही."

कुणी लक्ष दिलं नाही. त्यांनी पुन्हा तेच म्हटलं. तेव्हा कुठे एकाला आठवलं, की पेटीचं टेबल वर्षानुवर्षं एका पायाने लंगडं. वाजवणारे काका एका हाताने भाता मारायचे, दुसऱ्याने सूर धरायचे आणि गुडघ्याने टेबल. त्या दिवशी ते नव्हते, नवा मुलगा बसला होता. त्याला काही गुडघा लावायचं ठाऊक नव्हतं.

आम्ही वाकून टेबलाखाली पाहिलं. आखूड पायाखाली चोपडी, नीट चौघडी करून.