पुंगीवर बाँडची धून

(दृश्य : पिछोला तलाव, मधोमध पांढराशुभ्र महाल)

'ऑक्टोपसी' या चित्रपटात ब्रिटिश हेर जेम्स बाँडचं हेलिकॉप्टर ताजमहालाजवळून जातं आणि पुढच्याच दृश्यात पाहुणा थेट उदयपूरच्या घाटावर! मधले पाचशेहून अधिक किलोमीटर संकलकाने कात्रीने उडवले.

घाटावर एक गारुडी बसलाय. टोपलीत नाग, ओठांना पुंगी. नावेतून उतरणारा साहेब ती धून ऐकतो आणि ओळखतो, कारण पुंगीवर चक्क जेम्स बाँडचंच संगीत वाजतंय. एका हेराने दुसऱ्याला ओळख पटवायची ही गुप्त खूण. गुप्त म्हणजे किती, तर अख्ख्या घाटाला ऐकू जाईल इतकी!

चित्रपटाचं साल १९८३, दिग्दर्शक जॉन ग्लेन. आणि हा गारुडी म्हणजे विजय अमृतराज, विम्बल्डनच्या उपांत्यपूर्व फेरीत दोनदा धडक मारलेले टेनिसपटू. चित्रपटातही ते खलनायक कमाल खानच्या क्लबात टेनिस शिकवायला म्हणून घुसलेले असतात. तिथे काय हाती लागलं, असं बाँड विचारतो. उत्तर येतं, 'माझा बॅकहँड सुधारला.' हेरगिरीचा इतका प्रामाणिक अहवाल दुसऱ्या कुठल्या बाँडपटात नसेल.

(दृश्य : बाजारातला पाठलाग)

मग तो प्रसिद्ध रिक्षाचा पाठलाग. बाँड मागच्या सीटवर, विजय चालवताहेत. गुंड जवळ आले की विजय टेनिसची रॅकेट काढून त्यांना हाणतात, आणि बाजारातली गर्दी सामना बघावा तशी माना डावीकडे-उजवीकडे फिरवते. रिक्षा हवेतून उडी मारते, तर एक उंटसुद्धा मान वर करून बघतो. या सगळ्यात अभिनय सहज कुणाचा वाटत असेल, तर त्या उंटाचा. वाटेत तलवार गिळणारा, निखारे, खिळ्यांची शय्या... परदेशी माणसाने भारताबद्दल जे जे ऐकलं होतं, ते सगळं एकाच गल्लीत भरलंय. नवल एवढंच, की त्या गल्लीत कुणी भाजी घेताना दिसत नाही.

जुगारात जिंकलेल्या नोटांची पुडकी बाँड आपल्या भारतीय सहकाऱ्यांना वाटतो आणि म्हणतो, काही आठवडे तुमच्या करीची सोय झाली. हा विनोद मात्र तेव्हाही शिळाच होता. पाहुण्याने यजमानाच्या घरात असं बोलावं, तेही सरकारी खर्चाने आलेल्या!

बाँड झालेले रॉजर मूर तेव्हा पंचावन्नच्या आसपास होते. आमच्याकडे या वयात माणूस निवृत्तीचे कागद बघायला लागतो. हे गृहस्थ जंगलात जीव मुठीत धरून पळतात, समोर आलेल्या वाघाला 'बस!' असं बजावतात, आणि वेलीला लोंबकळताना पार्श्वभूमीला टारझनची आरोळी ऐकू येते. पुढे नकली मगरीत लपून तळं पार करतात, गोरिलाचं सोंग घेतात, सर्कशीत विदूषक होतात. त्या विदूषकाच्या रंगातच ते अणुबॉम्ब निकामी करतात. हा प्रसंग मात्र खरोखर श्वास रोखून बघावा असा आहे. कथेबद्दल एवढंच पुरे, की एक रत्नजडित अंडं आहे आणि एक माथेफिरू रशियन जनरल. बाकी सूत्रं जुळवायचा हट्ट धरू नये.

(दृश्य : उदयपूरच्या डोंगरावरचा सज्जनगढ महाल)

डोंगरावरचा हा महाल कमाल खानचा अड्डा दाखवलाय. हा अफगाण राजपुत्र साकारलाय फ्रेंच नट लुई जूर्दां यांनी. त्या काळी असं चालायचं. पण त्याच्या शेजारी उभा असतो आपला कबीर बेदी, पगडीतला गोविंदा. इटलीत 'सांदोकान' या मालिकेचा नायक म्हणून लोकांनी डोक्यावर घेतलेला नट. इथे त्याला संवाद जेमतेम. तो फक्त द्यूताचे फासे मुठीत घेतो आणि त्यांचा चुरा करतो. एवढ्यावरच तो जूर्दांसाहेबांना झाकून टाकतो.

उदयपूरने या सिनेमाचं सोनं केलं. तिथल्या उपाहारगृहांत कित्येक वर्षं पर्यटकांसाठी संध्याकाळी 'ऑक्टोपसी' लावत आलेत. समोर तलाव, पडद्यावरही तलाव.

(दृश्य : आकाशात विमान, पाठीवर बाँड)

शेवटी विमान आकाशात आणि बाँड त्याच्या टपावर चिकटलेला. आतून कमाल खान हुकूम सोडतो, बाहेर जा आणि त्याला धर. बलदंड गोविंदा क्षणभर धन्याकडे बघतो आणि विचारतो, 'बाहेर?'

अख्ख्या सिनेमात शहाण्या माणसाने विचारलेला हा एकमेव प्रश्न. तरीही बिचारा जातो.