दोन काठ्यांनी पुळण मोजताना

नमस्कार श्रोतेहो.

पावसाळा सरत आला की कोकणातल्या किनाऱ्याच्या गावांत एकच बोलणं ऐकू येतं, "समुद्र आत आला." कडेचे माड आडवे झालेले असतात, पुळण, म्हणजे किनाऱ्यावरचा वाळूचा पट्टा, अरुंद झालेली असते आणि ग्रामसभेत धूपप्रतिबंधक बंधाऱ्याची मागणी उठते. किनाऱ्याचं विज्ञान गावापर्यंत नेणाऱ्या माणसाची कसोटी इथेच लागते. आलेख दाखवले तर लोक शांतपणे ऐकून घेतात, चहा पाजतात आणि विषय तिथेच थांबतो. गावानं स्वतः मोजलं तर मात्र तो पुढे सरकतो. मोजायला लागतात दोन काठ्या.

के. ओ. एमरी या सागरी भूवैज्ञानिकानं १९६१ साली मांडलेली, पुळणीचा चढ-उतार मोजायची ही पद्धत आहे. दीड-दीड मीटरच्या दोन सरळ काठ्या घ्यायच्या. दोन्हींवर वरून खाली सेंटिमीटरच्या खुणा करायच्या, म्हणजे शून्य टोकाला. काठ्यांमधलं अंतरही दीड मीटर. त्यासाठी दोरी नको, ती ओली झाली की लांबी बदलते, झोलही पडतो. दीड मीटरची तिसरी काठी आडवी धरावी. उभ्या काठ्यांच्या बुडाला हाताच्या तळव्याएवढी फळी ठोकायची, नाहीतर ओल्या वाळूत काठी रुतते.

सुरुवात पक्क्या खुणेपासून करायची. देवळाचा चौथरा चालेल, विहिरीचा कठडा चालेल, सुरूचं झाड नको. झाड वाढतं आणि एखाद्या वादळात पडतं. खुणेच्या मागे सरळ रेषेत आणखी एक ठळक वस्तू हेरून ठेवा. त्या दोन खुणा एकावर एक दिसत राहिल्या की आपण दर वेळी त्याच वाटेनं पाण्याकडे उतरतो.

आता एक काठी जमिनीच्या बाजूला, दुसरी पाण्याच्या बाजूला. उतार असेल तर जमिनीकडच्या काठीमागे उभं राहा आणि पुढच्या काठीचं टोक क्षितिजाच्या रेषेला टेकलेलं दिसेपर्यंत डोळा खाली न्या. डोळ्यासमोर मागच्या काठीवर जो आकडा येईल, तितके सेंटिमीटर पुढच्या काठीपाशी वाळू खाली आहे. सात दिसला तर वहीत उणे ७. पुढे चढ असेल तर मागच्या काठीच्या टोकावरून क्षितिज पाहायचं आणि पुढच्या काठीवर आकडा वाचायचा, तो अधिक. मग मागची काठी उचलून पुढची होती तिथे, आणि पुढची आणखी दीड मीटर पुढे. साठ मीटरच्या पुळणीला ४० नोंदी होतात. आठवी-नववीच्या मुलांची उंची या कामाला बरोबर पडते, मोठ्यांना वाकावं लागतं.

चूक होते ती बहुधा काठी तिरपी धरल्यानं. एका नोंदीत एक सेंटिमीटर किरकोळ वाटतो, पण तीच चूक एकाच दिशेनं चाळीस वेळा झाली तर चाळीस सेंटिमीटर होतात. म्हणून काठीला ओळंबा बांधावा. मोबाईलच्या जीपीएसवर उंचीसाठी भिस्त ठेवू नका, त्याची उंची काही मीटरनं चुकते. समोर क्षितिजाऐवजी खाडीचा पलीकडचा तीर दिसत असेल तर ही पद्धत चालत नाही. तिथे गवंडी पातळी धरायला वापरतात ती पाणी भरलेली पारदर्शक नळी घ्यावी.

वेळ कोणती? तिथीच्या पाऊणपट केलं की भरतीची वेळ, हा हिशेब किनाऱ्यावर घराघरात आहे. द्वितीयेला दीड, तृतीयेला सव्वादोन. त्यानंतर साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी. म्हणजे पौर्णिमा-अमावस्येनंतरच्या द्वितीया-तृतीयेला सकाळी पावणेआठ ते साडेआठला पाणी खूप खाली गेलेलं असतं, उधाणाचे दिवस असल्यानं पुळण जास्तीत जास्त उघडी असते आणि ऊन पाठीवर असतं. संध्याकाळी याच पश्चिम किनाऱ्यावर सूर्य डोळ्यांत येतो, क्षितिज दिसत नाही. भरती-ओहोटीच्या छापील तक्त्याशी वेळ ताडून घ्या आणि ओहोटीच्या तासभर आधी उतरा.

आता मुख्य गोष्ट. पावसाळ्यातल्या उंच लाटा पुळणीची वाळू ओढून समोरच्या उथळ पाण्यात नेतात. ऑक्टोबरपासून लाटा निवळतात आणि तीच वाळू हळूहळू परत वर येते. किनाऱ्यावरून रापणीचं जाळं ओढणाऱ्यांना हे पायांनीच ठाऊक असतं. त्यामुळे ऑगस्टचं एकच मोजमाप "किनारा गेला" असं सांगेल, एप्रिलचं एकच मोजमाप "सगळं ठीक" सांगेल. दोन्ही फसवे आहेत. मे महिन्याची तुलना पुढच्या मे महिन्याशीच करायची, आणि निदान तीन-चार वर्षं झाल्याशिवाय निष्कर्ष काढायचा नाही. चेन्नईच्या राष्ट्रीय किनारा संशोधन केंद्रानं १९९० ते २०१८ या काळाचा आढावा घेतला, त्यात देशाच्या मुख्य भूमीचा ३३.६ टक्के किनारा झिजणारा आणि २६.९ टक्के वाढणारा निघाला. आपली वाडी यांपैकी कशात, हे मोठ्या नकाशावरून ठरवणं अवघड. वाळूची उंची किती उतरली, ते वहीच सांगते.

अशा नोंदी हातात असल्या की बंधाऱ्याचं बोलणं खुलेपणानं होतं. दगडी बंधाऱ्यावर आपटलेली लाट माघारी जाताना पायथ्याची वाळू नेते, आणि बंधारा जिथे संपतो तिथे शेजारच्या वाडीची धूप वाढते. घरं धोक्यात असतील तिथे बंधारा लागेलही. पण वाळू दर वर्षी परत येत असेल, तर वाळूच्या उंचवट्यावरची मर्यादवेल राखणं आणि त्यावरून गाड्या जाऊ न देणं यानं पुष्कळ काम होतं. हे सांगणाऱ्यानं आपलं मत आधी सांगू नये. दोन वर्षांच्या मे महिन्यातल्या नोंदींवरून पुळणीच्या उताराच्या दोन रेषा एकाच कागदावर काढून समोर ठेवाव्यात आणि बाकीचं गावाला बोलू द्यावं.

वही दोन ठिकाणी ठेवा, एक शाळेत, एक मच्छीमार सोसायटीत. प्रत्येक पानावर तारीख, तिथी, वेळ, खूण आणि काठी कोणी धरली त्याचं नाव. शिक्षक बदलून जातात, मुलं दहावी होऊन जातात. नव्या हातांना त्याच खुणेपासून सुरुवात करता आली पाहिजे, म्हणून पहिल्या पानावर खुणेचा फोटो चिकटवून ठेवा.