‘रन’च्या नोंदीचे नऊ महिने

श्रोतेहो, नमस्कार. इंग्रजीतला अवघड शब्द सांगा म्हटले की आपण जीभ अडखळेल असा एखादा लांबलचक शब्द शोधतो. परंतु कोशकारांना घाम फोडतात ते तीन अक्षरांचे चिमुकले शब्द. ऑक्सफर्ड इंग्रजी शब्दकोशाची वीस खंडांची दुसरी आवृत्ती १९८९ साली निघाली, तेव्हा तिच्यातली सर्वांत मोठी नोंद ‘सेट’ या क्रियापदाची होती. त्याचे सुमारे ४३० अर्थ नोंदवले होते आणि त्यांचे विवेचन जवळजवळ ६०,००० शब्दांत केले होते.

पुढे तिसऱ्या आवृत्तीसाठी जुन्या नोंदी तपासण्याचे काम सुरू झाले आणि ‘रन’ हा शब्द पीटर गिलिव्हर या संपादकांच्या वाट्याला आला. या कोशाची शिस्त कडक आहे. प्रत्येक अर्थासाठी लिखित पुरावा हवा, त्या पुराव्याचे साल हवे आणि सर्वांत जुने अवतरण आधी यायला हवे. माणूस धावतो, तिथे ‘रन’; नदी वाहते, नाक वाहते, धुतलेल्या कापडाचा रंग उतरतो, उमेदवार निवडणुकीला उभा राहतो, कोणी दुकान चालवतो, संगणकावर प्रोग्रॅम चालतो, तिथेही ‘रन’च. यातला प्रत्येक वापर स्वतंत्र अर्थ मानावा की शेजारच्या अर्थात सामावून घ्यावा, हे ठरवत ठरवत गिलिव्हर यांना नऊ महिने लागले. होय, एका शब्दाला नऊ महिने! हाती आले ते ६४५ अर्थ, आणि ‘सेट’चा विक्रम मागे पडला. शब्दांपुढे एकेक प्रतिशब्द छापून ‘पाठ करा’ म्हणणाऱ्या खिशातल्या कोशांचा मला मनस्वी राग आहे, तो या नऊ महिन्यांमुळेच.

हा पसारा वाढण्याचे एक मोठे कारण म्हणजे यंत्रे. कारखाना, आगगाडी, मोटार, संगणक असे जे जे नवे आले, त्याला इंग्रजीने नवे क्रियापद न घडवता ‘रन’लाच कामाला जुंपले. मराठीने हे ओझे ‘चालणे’ या क्रियापदावर टाकले. आपले घड्याळ चालते, दुकान चालते, आगगाडीसुद्धा चालते. इंग्रज धावतो तिथे आपण चालतो, आणि मला आपली चाल अधिक समंजस वाटते.

वाचताना ‘रन’ समोर आला की आधी कर्ता पाहावा आणि मग त्याला चिकटलेला छोटा शब्द पाहावा. ‘रन आउट’ म्हणजे साठा संपणे, ‘रन इंटू’ म्हणजे अवचित गाठ पडणे, ‘रन ओव्हर’ म्हणजे अंगावरून गाडी जाणे. कर्ता पाहावा, चिकटलेला शब्द पाहावा. बहुतेक वेळा एवढ्याने उलगडा होतो.

आणि हो, हे ६४५ अर्थ केवळ क्रियापदाचे आहेत. क्रिकेटमधली ‘रन’ हे नाम, त्यामुळे तिची मोजदाद यात धरलेलीच नाही.