टेबलाखालची मुलगी

हा सोन्याचा साप बघा. फांदीला वेटोळं घातलंय, तोंडातून छोटासा हिरा लोंबतोय. 1994मध्ये इराकी वर्तमानपत्रात छापून आलेल्या एका कवितेनं मॅडलिन ऑलब्राइट यांना साप म्हटलं होतं. तेव्हा त्या संयुक्त राष्ट्रांत अमेरिकेच्या राजदूत होत्या. इराकबद्दलच्या बैठकीला त्या हीच पिन लावून गेल्या. मग ते नेहमीचंच झालं. दिवस बरा असेल तर फुलं, फुलपाखरं. बिनसलं तर किडे. बोलणी रखडली की कासव.

पण आधी हे टेबल.

पोलादी आहे. लंडनवर जर्मन बाँब पडायचे त्या काळात अनेक घरांत असं टेबल असे. ऑलब्राइट यांच्या माहेरचं कोर्बेल कुटुंब यावरच जेवायचं आणि रात्री याच्याच खाली झोपायचं. मार्च 1939मध्ये जर्मन फौजा प्रागमध्ये शिरल्या आणि दहा दिवसांत योसेफ कोर्बेल बायको-मुलीला घेऊन बाहेर पडले. मुलीला दोन वर्षंही पुरी झाली नव्हती. तिचं नाव मारी याना, हीच पुढची मॅडलिन ऑलब्राइट. युद्धकाळातच निर्वासित मुलांवरच्या एका फिल्ममध्ये तिनं काम केलं. मानधन काय, तर एक गुलाबी ससा.

युद्ध संपलं, कुटुंब मायदेशी, चेकोस्लोवाकियात परतलं. 1948च्या फेब्रुवारीत तिथं कम्युनिस्टांनी सत्ता घेतली. त्याच वर्षी योसेफ काश्मीरमध्ये होते, हे आपल्याकडे फारसं कुणाला ठाऊक नसतं. काश्मीरप्रश्नासाठीच्या संयुक्त राष्ट्रांच्या आयोगावर ते सदस्य होते, आणि त्या आयोगासाठी चेकोस्लोवाकियाचं नाव भारतानंच सुचवलं होतं.

11 नोव्हेंबर 1948ला त्यांची बायको-मुलं 'अमेरिका' याच नावाच्या जहाजातून न्यूयॉर्कला उतरली. योसेफ मागाहून आले. परत गेलो तर अटक होईल, आश्रय द्या, असं त्यांनी अमेरिकेला लिहून कळवलं. 1949मध्ये आश्रय मिळाला, पाठोपाठ डेन्व्हरला प्राध्यापकी. एका देशानं एका अर्जावर होकार दिला, एवढीच ही गोष्ट.

पुढचं भराभर झालं असं नाही. मॅडलिनला 1957मध्ये नागरिकत्व. तीन मुली सांभाळत, पहाटे साडेचारला उठून प्रबंध, 1976मध्ये डॉक्टरेट. आणि 23 जानेवारी 1997ला शपथ: अमेरिकेच्या पहिल्या महिला परराष्ट्रमंत्री. रवांडातला संहार आणि इराकवरचे निर्बंध यांचे प्रश्न त्यांना शेवटपर्यंत विचारले गेले. 1999मध्ये चेक प्रजासत्ताक नाटोत आलं, तेव्हा खुर्चीवर त्याच होत्या.

आता ही भिंत. प्रागचं पिंकास सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ. नाझींनी मारलेल्या सुमारे 80 हजार ज्यूंची नावं इथं हातानं लिहिलेली आहेत. आपलं घराणं मूळचं ज्यू, हे ऑलब्राइटबाईंना कळलं ते मंत्री होता होता, साठीच्या उंबरठ्यावर. आजी-आजोबांपैकी तिघं मागे राहिली होती. तिघंही गेली.

1996मध्येही त्या इथं येऊन गेल्या होत्या, भिंतीसमोर उभ्याही राहिल्या होत्या. पण आपलं कुणी इथं असेल, हे तेव्हा मनातही आलं नव्हतं. जुलै 1997मध्ये पुन्हा आल्या. या वेळी नावं शोधली.

आर्नोश्ट कोर्बेल. ओल्गा कोर्बेल.